आकाशात पट्टे दिसले की नॉइज टाकायचा, हा निव्वळ आळस आहे

सूरसागरकाठी:
बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाचा गणपतीमागचा पडदा यंदा माझ्याकडे आला. 20 बाय 10 फुटांचा फ्लेक्स. चित्र सूरसागर तलावाच्या संध्याकाळचं: मध्ये उभा महादेव, पाण्यात दिव्यांची थरथर आणि वर गडद निळ्यातून जांभळ्यात उतरणारं आकाश. आकाश हाच त्या चित्राचा जीव. लॅपटॉपवर ते मखमलीसारखं दिसत होतं. पडदा बांधून झाला, दिवे लागले, आणि शेजारच्या आजी म्हणाल्या, "छान झालंय गं, पण आभाळाला जिना कशाला काढलास?"

खरंच जिना होता. तीन-तीन इंचांचे आडवे पट्टे, वरपासून थेट क्षितिजापर्यंत. एकदा नजरेत बसले की महादेव दिसेना, दिवे दिसेनात, नुसते पट्टे.

तेव्हापासून ज्याला विचारावं तो एकच सांगतो, नॉइज टाक, म्हणजे आकाशावर बारीक दाणे भुरभुर. मला हे भिंतीची ओल काढायची सोडून वर कॅलेंडर टांगण्यासारखं वाटतं. 8 बिटमध्ये एका चॅनलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांपैकी एकेका रंगाला, 256च पायऱ्या मिळतात, दुखणं तिथे आहे. चित्र 16 बिटमध्ये करा, पट्टे येणारच नाहीत. लक्ष्मी विलासच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात रवि वर्मांची तैलचित्रं आहेत, ती जाऊन बघा. त्या आकाशांवर कोणी वाळू भुरभुरलेली नाही.

पडदा पुन्हा छापायचाय, रविवारच्या आत, आणि नॉइज न टाकता छापणार आहे. वेगळं म्हणणं असेल तर कारणासकट सांगा. "आम्ही तर नेहमी टाकतो" हे कारण नव्हे.

रावपुरा रात्रपाळी:
घ्या कारण. ताई, तुम्ही लावलेल्या चित्रावरून रंग उचलून पाहिले. अगदी वर निळ्या चॅनलची किंमत 38, क्षितिजापाशी 68. म्हणजे 256 वगैरे सोडा, तुमच्या आकाशाच्या वाट्याला 30च पायऱ्या आल्यात. आकाशाची उंची 3000 पिक्सेल, तेव्हा एक पायरी 100 पिक्सेलची. अख्खी फाइल 4000 पिक्सेल उंच आणि पडदा 120 इंच, म्हणजे 100 पिक्सेलचे बरोबर तीन इंच. आजींचा जिना गणिताने सापडतो. लाल आणि हिरवा चॅनल आपापल्या जागी पायरी बदलतात, म्हणून काही पट्टे हिरवट आणि काही जांभळट दिसले असतील.

आता 16 बिट. काम 16 मध्ये केलंत तरी छापायला फाइल 8 बिटचीच जाणार ना? रूपांतर होताना प्रत्येक पिक्सेल जवळच्या पायरीवर बसतो. 38 ते 68 मध्ये पायऱ्या पुन्हा 30च. जिना तसाच. तुमचा उपाय आकाशाला लागतच नाही.

सूरसागरकाठी:
लागतो. मी त्या आकाशावर उजेड-अंधार बदलायला चार वेळा कर्व्ह ओढलेत. 8 बिटमध्ये चित्र निम्म्याने काळवंडून परत दुप्पट उजळलं तर 256 पैकी 128च छटा उरतात, बाकीच्या कायमच्या गेल्या. 16 बिटमध्ये फोटोशॉप 32,769 पायऱ्या धरतो, कितीही ओढाताण करा, गळती कळत नाही. काम करताना जे गळतं त्याचं काय?

रावपुरा रात्रपाळी:
गळतं, हे शंभर टक्के मान्य. मी स्वतः 16 मध्येच काम करतो. पण तुमच्या चित्रात गळलेलं नाही! 38, 39, 40, 41, सगळ्या पायऱ्या सलग आहेत, एकही दात पडलेला नाही. गळती झाली असती तर मधल्या किंमती गायब असत्या आणि पट्टे सहा इंचांचे झाले असते. तुमचा रोग वेगळा आहे: थोडा फरक फार मोठ्या जागेवर ताणलाय. त्यावर औषध एकच, पायऱ्यांची सीमा विस्कटायची.

वाडीतला वात्रट:
ताई डॉक्टरकडे सर्दी घेऊन आल्या आणि हे दात मोजतायत.

फ्लेक्सवाला भाई:
मी छापणारा माणूस, चित्रकलेतलं कळत नाही. आमच्याकडे बँडिंग, म्हणजे पट्टे पडणं, म्हणतात ते वेगळंच. शाई सोडणारं हेड पुढे-मागे जातं, मटेरियल पुढे सरकतं, ते सरकणं म्हणजे फीड जरा चुकलं किंवा घाईत हेडच्या कमी फेऱ्यांत छापलं की रेघा पडतात. पार्टी नेहमी ओरडते, मशीन खराब आहे. म्हणून आधी तेच बघा, मशीनचं की फाइलचं.

तुमचा पडदा 10 फूट उंच, रोल साडेदहा फुटांच्या आसपास. म्हणजे 20 फुटांची बाजू फीडच्या दिशेने निघाली, चित्र मशीनवर आडवं पडलं. हेडच्या रेघा असत्या तर चित्रात त्या उभ्या दिसल्या असत्या. तुमचे पट्टे आडवे आहेत, तेव्हा मशीनवाल्याला शिव्या देऊ नका. खात्रीच करायची असेल तर फाइलचा तुकडा 90 अंशांत फिरवून छापून घ्या. पट्टे चित्राबरोबर फिरले तर फाइलचे, जागेवर राहिले तर मशीनचे.

सूरसागरकाठी:
भाई, धन्यवाद. मी खरंच मशीनवाल्यावर डाफरले होते. उद्या फोन करते त्यांना.

रांगोळीवाली सुलूमावशी:
मला बिट-बाइटमधलं शून्य कळतं, पण इथे थोडं बोलावंसं वाटलं. दिवाळीत आम्ही माणसांचे चेहरे रांगोळीत काढतो, सहा बाय चार फुटांचे. गालावरची सावली काढायची म्हणजे गडद रंगाशेजारी मधला रंग, मग फिका, असे पट्टे ओढत नाही कोणी. गडद रंग चिमटीत धरून फिक्यावर भुरभुरायचा, कडेला दाट, पुढे विरळ. जवळून पाहिलं तर दोन रंगांचे वेगवेगळे दाणे, उभं राहून पाहिलं की गाल. शिकाऊ मुली पहिल्यांदा पट्टेच ओढतात आणि चेहरा लाकडाचा होतो. रात्रपाळीवाले दादा जे सांगतायत ते हेच आहे का?

रावपुरा रात्रपाळी:
मावशी, तंतोतंत हेच! याला डिथर म्हणतात, आणि हे झाकणं नव्हे. 52 आणि 53 च्या मधली 52.3 ही छटा फाइलमध्ये लिहिताच येत नाही. पण दहापैकी सात दाणे 52 चे आणि तीन 53 चे पसरले तर डोळा ती 52.3 वाचतो. नॉइज नसलेल्या फाइलीत ती छटा नाहीच, नॉइज असलेल्या फाइलीत आहे. खोटं कोण बोलतंय मग?

लॉरेन्स रॉबर्ट्सने 1962 मध्येच दाखवलं होतं की कमी पायऱ्यांत चित्र साठवायचं असेल तर आधी मोजका यादृच्छिक नॉइज मिसळावा. पायरीवर बसवताना राहिलेला फरक शेजारच्या पिक्सेलवर ढकलायची फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची रीत 1976 ची. आळशी लोक नव्हते ते.

आणि एक गंमत सांगतो, रागावू नका. साध्या लॅपटॉपचे कितीतरी पडदे मुळात 6 बिटचे असतात, चॅनलला 64 पायऱ्या. मधल्या छटा ते पिक्सेल दोन किंमतींत झपाझप हलवून भासवतात. तुम्हाला मखमल दिसली ती बहुधा डिथरचीच होती.

सूरसागरकाठी:
हे लागलं मला. पण रवि वर्मांचं उत्तर अजून आलेलं नाही.

फाइन आर्ट्सचा जुना:
ते मी देतो. मुली, तैलरंगात पायऱ्या नसतात, ओला रंग ओल्यात मिसळतो, त्यामुळे ती तुलनाच लंगडी. तुलना करायचीच तर त्यांच्या छापील चित्रांशी कर. 1894 मध्ये त्यांनी मुंबईला लिथोग्राफीचा, म्हणजे शिळेवरून छापायचा, छापखाना काढला. घरोघरी फ्रेममध्ये जी लक्ष्मी-सरस्वती गेली ती तिथली. जुना छाप मिळाला तर देवीच्या गालावर भिंग धर. शिळेवर एकेक ठिपका हाताने दिलेला दिसेल. मोजक्या शाया, असंख्य छटा, मग ठिपके देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुझ्यासमोर आज तीच अडचण आहे.

आपल्या चित्रकार बेंद्र्यांचंच बघ ना. 1910 मध्ये इंदुरात जन्मलेला माणूस, बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवलं, पुढे उतारवयात चित्रंच्या चित्रं ठिपक्यांनी भरली. त्यांना कोणी म्हणालं नाही की वाळू टाकलीत.

रात्रपाळीला एक जोड देतो. पट्टे असतात त्याहून जास्त दिसतात. दोन छटा जिथे भेटतात तिथे डोळा आपणहून फरक वाढवतो, गडद बाजू आणखी गडद, उजळ बाजू आणखी उजळ. एर्न्स्ट माखने 1865 मध्ये हे मांडलं, म्हणून त्यांना माखपट्टे म्हणतात. एका पायरीचा फरक, तो खरं तर दिसूही नये, पण लांब सरळ सीमा मिळाली की डोळा तिच्यावर टपून बसतो. सीमा विस्कटली की टपायला जागा उरत नाही.

वाडीतला वात्रट:
माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी. पट्टे ठेवा! उलट 30 चे 7 करा, कडा धारदार ठेवा, कापून चिकटवल्यासारखं आकाश. जिना चुकून झाला तर चूक, मुद्दाम बांधला तर घाट. सगळ्यांना फोटोसारखं आकाश कशाला हवं? गणपतीच्या मागे सुरेख दिसेल.

सूरसागरकाठी:
वात्रटराव, पुढच्या वर्षी नक्की. यंदा वर्गणीदारांनी "खरा सूरसागर" मागितलाय, सात पट्ट्यांचं आभाळ पाहून अध्यक्षकाकांना चक्कर येईल.

बरं, काल रात्री एक फुटाच्या तीन पट्ट्या छापून आणल्या. पहिली जशी होती तशी. दुसरी 16 बिटमध्ये नव्याने केलेली, डिथर न करता 8 वर उतरवलेली. तिसरी 16 बिट आणि वर एक टक्का एकरंगी नॉइज. मंडपात टांगून पंधरा फुटांवरून पाहिल्या.

पहिली आणि दुसरी ओळखता येत नाहीत. मी स्वतः दोनदा चुकले. तिसरीत आकाश वाहतं. जवळ नाक नेलं तर पाऊण मिलिमीटरचे दाणे दिसतात, पण गणपतीच्या मागे नाक नेणार कोण. तेव्हा धाग्याचं शीर्षक मागे घेते, आकाशापुरतं. 16 बिटचा हट्ट मात्र सोडत नाही.

दोन तक्रारी आहेत. तिसऱ्या पट्टीचा फोटो आईला मेसेजमध्ये पाठवला तर तिच्या फोनवर पुन्हा पट्टे! आणि तिसऱ्या पट्टीतही अगदी वरच्या गडद भागात जिना पुसट का होईना, आहे.

फ्लेक्सवाला भाई:
पहिली तक्रार सोपी. मेसेजमध्ये फोटो म्हणून टाकला की तो लहान करून, जेपीईजीमध्ये दाबून पाठवला जातो. जेपीईजी चित्राचे 8 बाय 8 चे चौकोन करते आणि बारीक कण आधी फेकून देते. तुमचा नॉइज म्हणजे सगळे बारीक कणच. छापायची फाइल टिफमध्ये आणा, त्यात कण फेकले जात नाहीत, पेन ड्राइव्हवर. कितीतरी जण फोटो म्हणून फाइल पाठवतात आणि मग आमच्याशी भांडतात. आणि शनिवारी बाराच्या आत, रविवारी मशीन बंद असतं.

रावपुरा रात्रपाळी:
दुसरीचं मी सांगतो. नॉइज वेगळ्या करड्या लेयरवर, म्हणजे थरावर, टाकून तो खालच्या चित्रात मिसळायला ओव्हरले या रीतीवर ठेवलात ना? सगळे व्हिडिओ तसंच शिकवतात. ओव्हरले खालचा रंग जितका गडद तितका दाणा पुसट करतो. 38 वर तो जेमतेम उरतो, आणि तुम्हाला गरज नेमकी तिथे. आकाशाच्या लेयरवर थेट नॉइज टाका, आधी त्या लेयरची एक प्रत बाजूला ठेवून. आणि मग पूर्ण चित्रावरच हलका टाका ना, महादेवासकट. नुसत्या आकाशात दाणे आणि मूर्ती गुळगुळीत, तर मूर्ती वरून चिकटवल्यासारखी दिसते.

सूरसागरकाठी:
हो, ओव्हरलेच होता. आकाशावर थेट टाकून चौथी पट्टी काढते आज. महादेवाच्या अंगावर मात्र टाकणार नाही. तिथे उजेड-अंधाराचे फरक मोठे आहेत, पट्टे मुळात नाहीतच, मग औषध कशाला? आणि तो तर चिकटवल्यासारखाच दिसायला हवा, संध्याकाळी काठावरून पाहिलाय का कधी?

रावपुरा रात्रपाळी:
रोज रात्री पाहतो, कामावर जाताना. चिकटवलेला दिसत नाही.