मदत हवी आहे: पालकाचं गोमा-आए, मासे न घालता आणि डब्यात पाणी न सुटता

कैरीचं_पन्हं

नमस्कार मंडळी. मी तोक्योत, निशी-कासाईला राहते. लेकीच्या होइकुएनमध्ये (पाळणाघरात) दुपारच्या जेवणात अधूनमधून पालकाचं गोमा-आए असतं. उकडलेला पालक, तिळाचं कूट, सोयासॉस, साखर, एवढंच. घरी पालेभाजी दिसली की तोंड फिरवणारी ही बया तिथे वाटी चाटूनपुसून साफ करते, असं तिच्या सेन्सेई (बाई) सांगतात.

आता आषाढात साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) येताहेत. दोघंही पक्के शाकाहारी, त्यात साबांचा चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण बंद. आजी आणि नात दोघींना चालेल असं हे एक तोंडीलावणं जमलं तर माझा रोजचा दुहेरी स्वयंपाक वाचेल.

अडलंय ते असं: बऱ्याच पाकृंमध्ये (पाककृतींमध्ये) दाशी, म्हणजे चवीचं तयार पाणी, घाला म्हणतात आणि दुकानातली दाशी म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओ, मासाच. मग दाशी कुठली घ्यायची, की घालायचीच नाही? शिवाय नवऱ्याच्या डब्यात दिलं की दुपारपर्यंत तळाशी हिरवं पाणी साचतं. पालक पिळूनच घेते, तरीही. आणि मिरिनचं (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू) काय करू? बाटलीवर अल्कोहोल १४ टक्के लिहिलंय. साबांना न सांगता घालणं मला पटत नाही.

तयार मसाल्याची पाकिटं कृपया सुचवू नका. मी हातात घेतलेल्या पाकिटावर कात्सुओ होताच.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे पालकाची कोशिंबीरच की. दही घाला, फोडणी द्या, विषय संपला.

ओसाकाकर

शहाणेबुवा, फोडणी दिलीत तर तिळाचा वास गेलाच समजा.

कैरीताई, गोमा-आएला दाशी लागतच नाही. दाशी हवी ती ओहिताशीला. तिथे पालक दाशी-सोयासॉसमध्ये मुरवतात, म्हणून. इथे सगळी चव तिळातून येते. माझं प्रमाण: पालकाची एक जुडी (२०० ग्रॅमच्या आसपास), तिळाचं कूट ३ मोठे चमचे, साखर २ छोटे चमचे, सोयासॉस २ छोटे चमचे. मिरिन गाळा. ते गोडव्यासाठी असतं, तो साखरेतून येतोच. आणि हा पदार्थ गॅसवर चढत नाही, त्यामुळे मिरिनमधला अल्कोहोल उडून जायला वावच नाही. घालायचंच असेल तर आधी वेगळं उकळून घ्यावं लागेल. एका वाटीसाठी कोण करतंय ते!

तीळ मात्र ऐन वेळी भाजा. पाकिटातले भाजलेले असले तरी कोरड्या तव्यावर पुन्हा गरम करायचे, दोन-तीन दाणे उडायला लागले की उतरवायचे. मग सुरिबाचीत (जपानी खलात), नसेल तर सरळ आपल्या खलबत्त्यात. पूर्ण पीठ करू नका, थोडे अर्धवट दाणे राहू द्या. मिक्सर लावलात तर क्षणभरच, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

नाचणी

पाण्याचं मी सांगते, माझ्याकडे रोज दोन बेंतो (डबे) असतात.

पालक मोडून उकळू नकोस. अख्खी जुडी देठांकडून उकळत्या पाण्यात धर, २०-३० सेकंदांनी पानं बुडव, आणखी तेवढाच वेळ ठेवून लगेच गार पाण्यात टाक. पाणी एकदा बदल. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरघळतं. दातांना जो खरबरीतपणा जाणवतो तो त्याचाच, म्हणून ते पाणी फेकायचंच, वरणात वगैरे घालायचं नाही. मग सगळी मुळं एका बाजूला जुळवून वरून खाली पिळत ये.

आता खरी मेख. पिळलेल्या पालकावर छोटा चमचाभर सोयासॉस शिंपड, हलक्या हाताने चोळ आणि पुन्हा पीळ. याला शोयू-आराई म्हणतात. मिठाने आतलं उरलेलं पाणी बाहेर येतं आणि भाजीला आतून चवही लागते. त्यानंतर ४-४ सेंटिमीटरचे तुकडे कर आणि मग तीळ. हा टप्पा गाळला की डब्यात तळं होणारच, कितीही पीळ. डब्यात भरताना तळाशी चिमूटभर कोरडं कूट पसरून ठेव, राहिलेलं पाणी ते ओढून घेतं.

तरीही डब्यासाठी मला विचारशील तर पालक नकोच. फरसबीचं गोमा-आए कर. इथे ते तितकंच नेहमीचं आहे. दोन-तीन मिनिटं उकडायची, तिरकी कापायची. पाणी सुटत नाही, रंगही टिकतो.

कैरीचं_पन्हं

नाचणी, शोयू-आराई कुठल्याच पाकृत वाचलं नव्हतं गं! ओसाकाकर, सुटले मी मिरिनच्या काळजीतून. पण ओहिताशीही करून बघायची आहे, साबुंना तिखट-गोड फार चालत नाही. तिथे दाशी लागेलच ना?

हिरवा_चहा

लागेल, पण माशाचीच हवी असं कुठे आहे? बौद्ध मठांतलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असतं, त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. साबांच्या चातुर्मासाला इतकं जवळचं दुसरं काही सापडायचं नाही. तिथे दाशी कोम्बूची (सुकं समुद्री शेवाळ) किंवा सुक्या शीताकेची (अळंबी). एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी काढून टाका. कोम्बूसकट खळखळून उकळू नका, चिकटपणा येतो. साबांना अळंबी चालत असेल तर दोन-तीन सुक्या शीताके वेगळ्या गार पाण्यात भिजवून ते पाणीही मिसळा. कोम्बूतलं ग्लुटामेट आणि शीताकेतलं ग्वानिलेट एकत्र आलं की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. (अवांतर: तोक्योच्याच विद्यापीठात १९०८ साली किकुनाए इकेदांनी कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं करून त्या चवीला उमामी नाव दिलं.)

खरेदीला जाताना एक लक्षात ठेवा. पाकिटावरच्या अॅलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. अंडं, दूध, गहू, कोळंबी, शेंगदाणा वगैरे तिथे दिसतील, पण कात्सुओ त्या यादीतच नाही. गेन्झाइर्योमेई, म्हणजे घटकांची पूर्ण यादी वाचा. 'कात्सुओ' किंवा 'ग्योकाई' (मासे-शिंपले वगैरे) दिसलं की बाटली परत फळीवर. मेन्त्सुयू, पोन्झु, शिरोदाशी (तिन्ही बाटलीतले तयार रस) आणि दाशी घातलेलं मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट), चारही ठिकाणी मासा लपलेला असू शकतो. साधा सोयासॉस मात्र सोयाबीन, गहू, मीठ आणि पाण्याचा.

ओसाकाकर

ओहिताशीला उसुकुची सोयासॉस वापरा, पालक काळपट दिसत नाही. रंगाने फिका असला तरी नेहमीच्यापेक्षा खारट असतो, तेव्हा हात आखडता ठेवा.

कढीपत्ता

आषाढात येणार म्हणताय, तर पालकच का? इथला पालक थंडीत गोड लागतो, उन्हाळ्यात महागही होतो आणि ती चव नसते. कोमात्सुना घ्या! तुमच्याच एदोगावा प्रभागातली पालेभाजी आहे. कोमात्सुगावा भागावरून हे नाव आठवा शोगुन योशिमुने याने दिलं अशी कथा सांगतात. ऑक्झॅलिक आम्ल फारच कमी, त्यामुळे पाण्यात घोळत बसावं लागत नाही. देठ कुरकुरीत राहतात. शोयू-आराई तेवढं इथेही करा.

आणि तिळाऐवजी शेंगदाण्याचं कूट घालूनही हाच पदार्थ करतात. शेजारचं चिबा शेंगदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रमाण तेच, साखर किंचित कमी. साबांना दाण्याचं कूट घातलेली भाजी परकी वाटणार नाही.

कैरीचं_पन्हं

दाण्याचं कूट!! साबा येताना डबाभर घेऊनच येतील. कोमात्सुना कोपऱ्यावरच्या दुकानात कायम असते, आज रात्री तिळाचं करून बघते, मग दाण्याचं. लेकीला सहलीच्या बेंतोतही तेच देईन.

नाचणी

थांब, सहलीला दाण्याचं देऊ नकोस. शेंगदाणा सक्तीच्या अॅलर्जी यादीत आहे आणि मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात. आधी होइकुएनला विचार. तिळाचंही विचारूनच दे. घरी खुशाल दाण्याचं कर, उरलं तर फ्रीजमध्ये ठेव, पण कूट खायच्या वेळीच कालव.