हातावर मम्मीचं अक्षर

ग्रुप: आपलं घर, कोल्हापूर
शनिवार

सनी, रात्री ९:०४
जय ख्रिस्त सगळ्यांना. एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात २१ तारखेला मम्मीला जाऊन वर्ष होतंय. तिच्या बायबलमध्ये स्तोत्र १२१ च्या बाजूला तिनं पेन्सिलीनं लिहिलंय, "प्रभु, सनीला सांभाळ." खाली माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरची तारीख आहे. ती ओळ मला डाव्या मनगटावर गोंदवून घ्यायची आहे, तिच्याच अक्षरात. राजारामपुरीत एक जण कागदावरचं अक्षर जसंच्या तसं उतरवून देतो. पप्पांना विचारलं. ते म्हणाले, आधी घरात सगळ्यांना विचार.

थोरले काका, ९:११
सनी, लेवीय १९:२८ उघडून वाच. अंग गोंदवू नका एवढंच तिथं नाही. मेलेल्यासाठी अंगावर घाव करू नका, असं त्याच वचनात आहे. तू जे करायला निघालास ते नेमकं तेच. तुझं मन मला कळतं, पण माझा नकार आहे.

बेबी काकू, ९:१५
मी बी तेच म्हणतो. माझ्या बहिणीच्या पोरानं जत्रेत हातावर नाव घालून घेतलं होतं. महिनाभर हात सुजलेला, पू झाला, दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. आणि जिचं नाव घातलं तिचं लग्न दुसरीकडं झालं. आता उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट घालून फिरतंय बिचारं. एकदा घातलं की निघत नाही रे बाळा.

पुण्याचा दादा, ९:१८
काकू, मुलीचं नाव आणि आईचं अक्षर ह्यात फरक आहे की. अंग त्याचं, आई त्याची. आपण नाही म्हणणारे कोण?

थोरले काका, ९:२०
अंग त्याचं नव्हे. १ करिंथ ६:१९-२०. आपण मोल देऊन विकत घेतलेले आहोत.

प्रिया ताई, ९:३८
काका, लेवीयचा हा अध्याय मी संडे स्कूलला शिकवलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. १९ व्या अध्यायातच शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा हे वचन आहे (१८), पिकल्या केसांसमोर उठून उभं राहा हेही आहे (३२). ही दोन्ही आपण घट्ट धरून आहोत. पण दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगात घालू नका (१९) आणि दाढीच्या कडा कापू नका (२७) हेही तिथंच आहे. २७ आणि २८ तर शेजारी शेजारी. घरातले सगळे पुरुष रविवारी दाढी करून, टेरिकॉटचा शर्ट घालून उपासनेला जातात आणि कुणाचं मन खात नाही. हे मी कुणाला बोल लावायला लिहीत नाही. कुठलं वचन धरायचं आणि कुठलं त्या काळापुरतं समजायचं, ह्याचं कारण आपल्याला देता आलं पाहिजे, एवढंच. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये येरुशलेमात हाच प्रश्न आला होता. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं ओझं टाकायचं नाही, असं तिथं ठरलं. आपण त्या परराष्ट्रीयांमधलेच.

आणि "गोंदवणं" असं ज्याचं भाषांतर झालंय, तो हिब्रू शब्द सगळ्या बायबलमध्ये एकदाच येतो. पडताळून बघायला दुसरं वचनच नाही. पण मेलेल्यासाठी अंग कापून घेणं मात्र पुष्कळदा येतं. अनुवाद १४:१ आणि यिर्मया १६:६ बघा. १ राजे १८ मध्ये बआल देवाचे संदेष्टे रक्त येईपर्यंत स्वतःला कापून घेतात. शेजारच्या लोकांची दुःख करायची आणि देवाला बोलवायची ती रीत होती. तिच्यापासून इस्राएलला वेगळं काढायचं होतं. आईची प्रार्थना मनगटावर लिहिणं त्यात बसतं, असं मला वाटत नाही.

थोरले काका, ९:५२
प्रिया, मुद्दे वाचले. दाढीचं मान्य. कापडाचंही मान्य. पण शोकाची गोष्ट कापडासारखी नाही. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका (१ थेस्सल ४:१३). हे नव्या करारातलं आहे, इथं नियमशास्त्राचा प्रश्नच येत नाही. सनी, मी तुला विचारतो. आई गेली म्हणून तू आयुष्यभर उघडी ठेवायची जखम करून घेतोयस का? तसं असेल तर चामड्याच्या आधी तुझ्या मनाकडं बघावं लागेल. गेले चार रविवार तू शेवटचं गीत व्हायच्या आत बाहेर जातोस, ते मी बघतोय.

सनी, ९:५५
हो काका. ते गीत मम्मीचं आवडतं होतं.

बेबी काकू, ९:५६
अरे देवा. आम्हाला का नाही सांगितलंस?

पुण्याचा दादा, १०:०४
एक सांगू? गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी कैरोला गेलो होतो. तिथल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदलेला असतो. म्हाताऱ्यांच्या हातावर, बायकांच्या हातावर, अगदी लहान पोरांच्यासुद्धा. चर्चच्या दारात पहारा असतो, तिथं मनगट दाखवून आत जाणारे लोक मी स्वतः पाहिले. इथिओपियात तर बायका कपाळावर क्रूस गोंदवतात. येरुशलेमच्या जुन्या शहरात एक घराणं कितीतरी पिढ्या यात्रेकरूंना गोंदवून देतंय, जैतुनाच्या लाकडाचे जुने छाप वापरून. म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या मंडळ्यांमध्ये ही चाल आहे. ती माणसं आपल्यापेक्षा कमी विश्वासू आहेत का? २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर ज्यांचे गळे कापले, त्या २१ जणांमधले २० कॉप्ट होते.

थोरले काका, १०:१२
त्यांच्यासमोर मी मान खाली घालतो. पण दादा, त्या क्रूसाची किंमत त्यांना मोजावी लागते. तो हात लपवता येत नाही, म्हणून ती साक्ष ठरते. आपल्याकडं राजारामपुरीत जाऊन पैसे टाकून घेतलेल्या चित्राची किंमत काय? तरुण संघातली पोरं उद्या म्हणतील, सनी भावानं केलं, आम्हीपण करणार. एकाच्या मनगटावर आईची प्रार्थना, दुसऱ्याच्या दंडावर सिंह आणि तिसऱ्याच्या मानेवर काय असेल ते देव जाणे. सगळं करायची मोकळीक आहे, पण सगळं हिताचं नाही, हेही पौलानंच लिहिलंय.

मिरजेची आत्या, १०:३१
आत्ता वाचलं सगळं. आधी एक फोटो टाकते.

मिरजेची आत्या, १०:३३
फोटो

मिरजेची आत्या, १०:४४
पोरांनो, ही तुमची पणजी. काकांची आणि माझी आज्जी, कोडोलीची. मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले १८५२ ला, त्यानंतर कितीतरी वर्षांनी आपल्या घरात बाप्तिस्मा झाला. पहिला तिचाच, मग पणजोबांचा. फोटो मोठा करून बघा. कपाळावर गोंदण आहे. हनुवटीवर तीन ठिपके. हातावर तुळशी वृंदावन. ते सगळं लहानपणी, लग्नाच्या आधी घातलेलं. आता उजव्या हातावर वृंदावनाच्या खाली नीट बघा. क्रूस आहे.

तो तिनं बाप्तिस्म्यानंतर घालून घेतला. बाजाराच्या दिवशी गोंदणारीण यायची, तिच्यासमोर बसून. मी सात-आठ वर्षांची असताना तिला विचारलं होतं, आज्जी हे कशाला गं? ती म्हणाली, मेल्यावर डोरलं काढून घेतील, पाटल्या काढून घेतील, लुगडं बदलतील, गोंदण तेवढं माझ्याबरोबर येईल. प्रभूनं हात बघितला तर त्याला काय दिसणार, नुसती तुळसच का? म्हणून त्याचंबी घालून घेतलं.

तिला ह्या हातासाठी कुठल्या पाळकांनी प्रभुभोजनाला अडवलं नाही. ह्याच हातात भाकरी घेतली तिनं मरेपर्यंत.

प्रिया ताई, १०:४९
आत्या, हे मला माहीतच नव्हतं. हा फोटो मी शंभरदा पाहिला असेल, क्रूस कधी दिसला नाही.

मिरजेची आत्या, १०:५१
वृंदावनाचीच रेघ वाटते ती. हात धरून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

पुण्याचा दादा, १०:५३
काका, तुम्हाला माहीत होतं?

प्रिया ताई, ११:०२
मला अजून एक लिहायचं आहे. गोंदण म्हणजे अन्यधर्मीय, असं आपण पटकन म्हणतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं. आज टाळ घेऊन भजन म्हणताना आपल्याला ते आपलंच वाटतं. पणजीनं तिच्या हातावर तेच केलं, आणि तिला तर लिहिता-वाचताही येत नव्हतं.

थोरले काका, ११:२६
माहीत होतं. मला लहानपणी विषमज्वर झाला होता तेव्हा ती तोच हात माझ्या कपाळावर ठेवून बसायची. अंगाला पाणी घालताना तो हात शेवटचा मीच पुसला. त्यावर मी कधी बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही वाटलं नाही.

पण आत्या, फरक आहे. आज्जीनं ते जिवंत प्रभूसाठी केलं. सनी गेलेल्या आईसाठी करतोय. वचनात अडतं ते तिथंच.

सनी, ११:४१
काका, रागावू नका, मला नीट सांगता येतं का बघतो. ओळ मम्मीसाठी नाही. तिचं नाव त्यात नाही, तारीख पण मी घेणार नाही. ती ओळ ती माझ्याशी बोललेली नाही, प्रभूशी बोलली आहे. मी शाळेत पेपर लिहीत होतो तेव्हा ती घरी बसून हे लिहीत होती, आणि तिनं मला कधी सांगितलं नाही. मला ते ती गेल्यावर सापडलं. तुम्ही म्हणालात जखम उघडी ठेवतोयस का. मला तसं नाही वाटत. मला रात्री झोप येत नाही तेव्हा प्रार्थना सुचत नाही, एक शब्द येत नाही. तेव्हा हात उलटा केला की एक प्रार्थना तयार असावी, एवढंच पाहिजे.

यशया ४९ मी मम्मीच्या मातीच्या दिवशी वाचलं होतं. आई एक वेळ तान्ह्या पोराला विसरेल, पण मी विसरणार नाही, असं देव म्हणतो. आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो, मी तुला माझ्या तळहातांवर कोरलंय. त्या दिवशी ते वाचताना मला हे सुचलं होतं. वर्षभर गप्प होतो.

बेबी काकू, ११:४४
मी आता काय बोलत नाही. रडायला आलं.

मिरजेची आत्या, ११:५८
आता नर्स म्हणून बोलते, ऐका. सनी, तुला हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत का? लहानपणाचं कार्ड पप्पांकडं असेल, ते शोध. झाले नसतील तर आधी घ्यायचे, तिसरा डोस सहा महिन्यांनी असतो, तोपर्यंत थांबायचं. वर्षाच्या दिवशीच झालं पाहिजे असं काही नाही. सुई तुझ्यासमोर पाकिटातून काढली पाहिजे. शाईसुद्धा छोट्या टोपणात तुझ्यापुरती काढून घ्यायची, त्यानं बाटलीत सुई बुडवली तर उठून ये. जत्रेत एकाच सुईनं पन्नास हात होतात, बेबीच्या भाच्याला तेच भोवलं असणार. तू दर १५ ऑगस्टच्या शिबिरात रक्त देतोस ना? गोंदल्यावर बारा महिने रक्त घेत नाहीत. ह्या वर्षीचं देऊन टाक, मग जा.

आणि अक्षर लहान काढू देऊ नको. मनगटावरची कातडी पातळ, वर्षांनी रेघा पसरतात. वॉर्डात म्हाताऱ्या बायकांच्या हातावरची नावं पाहिलीत मी, काना-मात्रा सगळं एकात एक गेलेलं. "सांभाळ" मधला अनुस्वार मोकळा पाहिजे.

पुण्याचा दादा, १२:०३
आणि सैन्यभरतीचा विचार असेल तर मनगटाची आतलीच बाजू धर. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूचं चालतं, दंडावर किंवा मानेवर असेल तर बाद करतात.

सनी, १२:०५
कार्ड उद्या बघतो आत्या. तू येशील का माझ्याबरोबर?

मिरजेची आत्या, १२:०६
येणार. सुई मी बघणार.

रविवार

थोरले काका, दुपारी १:२०
उपासनेनंतर सनीच्या घरी गेलो होतो. त्याच्या मम्मीचं बायबल हातात घेऊन बसलो तासभर. स्तोत्र १२१ एकट्यालाच नाही, पान पान भरलेलं आहे. प्रियाचं नाव आहे, दादाच्या नोकरीचं आहे, बेबीच्या ऑपरेशनचं आहे. माझंही आहे, २०१९ च्या पुराच्या वेळचं. मला माहीत नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही. मी असतो तर केलं नसतं. मंडळीच्या पंचांनी विचारलं तर मी हेच सांगणार. सनीला सांगून आलोय, संघातल्या पोरांनी विचारलं तर यशया ४९ काढून त्यानं स्वतः उत्तर द्यायचं, "काकांना चाललं" म्हणायचं नाही. आणि पुढच्या रविवारी शेवटच्या गीताला माझ्या शेजारी उभं राहायचं. गीत म्हणता आलं नाही तरी चालेल, बाहेर जायचं नाही.

सनी, १:२४
हो काका.

थोरले काका, १:३१
आणखी एक. चाळीस वर्षं मराठी शिकवलं म्हणून सांगतो. तिनं "प्रभु" ऱ्हस्व लिहिलाय. आता दीर्घ लिहितात. तो राजारामपुरीतला मुलगा शहाणपणा करून दुरुस्त करायला बघेल. त्याला करू देऊ नको. तिनं लिहिलाय तसाच राहू दे.