मदत हवी आहे : पुदिन्याचा गारवा आणि थर्मामीटर

वर्गात दाखवायच्या प्रयोगाची मांडणी तपासून हवी आहे. मुद्दा असा की मेन्थॉल, म्हणजे पुदिन्यातला गारवा देणारा पदार्थ, तापमान उतरवत नाही. त्वचेतल्या चेतातंतूंवर टीआरपीएम८ नावाची वाहिनी (आयन म्हणजे विद्युतभारित कण आत सोडणारे प्रथिनाचे दार) असते, ती साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली उघडते. मेन्थॉल तिला चिकटले की ती त्वचेच्या नेहमीच्या ३२-३३ अंशांनाही उघडते, कॅल्शियम व सोडियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो.

अडचण बाष्पीभवनाची आहे. मेन्थॉल पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून ते अल्कोहोलमध्ये घ्यावे लागते. आणि अल्कोहोल उडताना त्वचा खरोखरच गार करते. मग आकडा उतरला तर श्रेय कोणाचे? सध्याचा आराखडा: एका हाताला मेन्थॉलचे १ टक्का द्रावण, दुसऱ्याला नुसते अल्कोहोल, दोन्ही ०.५ मिलि, लगेच वर प्लास्टिकचा पातळ कागद, आणि १० मिनिटे दर मिनिटाला नोंद. अल्कोहोलऐवजी खनिज तेल (लिक्विड पॅराफिन) घेतले तर बाष्पीभवनाचा प्रश्नच मिटेल असे वाटते, पण मेन्थॉल त्यातून त्वचेत पुरेसे उतरेल का?

शिवाय मेन्थॉलने त्वचेतला रक्तप्रवाह बदलतो, म्हणजे आकडा अगदी स्थिर राहणारही नाही. हा परिणाम वेगळा कसा काढायचा? चकचकीत ओल्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड थर्मामीटर फसू शकतो, म्हणून त्वचेला चिकटणारा थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा छोटा संवेदक) बरा, की त्याखालीच द्रावण साचून घोळ होईल? ज्यांनी असे मोजमाप केले आहे त्यांनी कृपया सांगावे.