'मुंबई मेरी जान' बाबांना दाखवू का?

मृण्मयी_वसई
परवा रात्री निशिकांत कामतचा 'मुंबई मेरी जान' पाहिला, २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांवरचा सिनेमा, पहिल्यांदाच. २००८ ला आला तेव्हा मी नववीत होते आणि घरातलं कोणीच बघायला गेलं नाही, का ते आता कळतंय. ११ जुलै २००६ ला बाबा चर्चगेटहून नेहमीच्या गाडीने निघालेले, त्यांच्या गाडीत स्फोट नाही झाला पण पुढे माहीमला झाला म्हणून यांची मध्येच थांबली आणि सगळे रुळांवर उतरून चालायला लागले. फोन लागत नव्हते. रात्री दीडला घरी पोचले, आई म्हणाली जेवायला वाढू का तर म्हणाले आधी अंघोळ करतो. शर्टाची बाही कोपरापर्यंत रक्ताने भरलेली, रक्त त्यांचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत कामावर.

त्यानंतर त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नाही. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही आरोपींना निर्दोष सोडलं ती बातमी लागली तेव्हा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, बराच वेळ आत आलेच नाहीत. सिनेमात माधवनचा निखिल नंतर गाडीजवळ गेला की कसा गोठतो ते बघून मला बाबाच दिसत होते, कारण ते पण नंतर कधी फर्स्ट क्लासमध्ये, जिथे बॉम्ब फुटले होते, चढले नाहीत, पास होता तरी. त्यांना हा सिनेमा दाखवावा असं फार वाटतंय पण भीती पण वाटतेय. ज्यांनी पाहिलाय त्यांनी प्लीज सांगा.

पाध्ये_दहिसर
दाखव, पण सरप्राइज म्हणून अचानक लावू नकोस बाळा, आधी विचार. मी त्याच लाइनवर तीस वर्षं अपडाउन केलंय म्हणून सांगतो, सात स्फोट अकरा मिनिटांत झाले, पण ते डोक्यातून जायला किती वर्षं लागतात ते कोणी मोजलं नाही. या सिनेमात स्फोट थोडाच वेळ आहे, सगळा भर नंतरच्या दिवसांवर आहे आणि म्हणूनच तो खरा वाटतो. निखिल मुद्दाम गाडी न घेता लोकलने फिरणारा माणूस, त्या दिवशी मित्र भेटला म्हणून सेकंड क्लासमध्ये चढला आणि वाचला, आणि पुढे तेच त्याला सहन होत नाही. मी का वाचलो हा प्रश्न तुझ्या बाबांनाही पडला असणार, बोलत नसतील इतकंच. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या की सगळे मुंबईचं स्पिरिट म्हणून टाळ्या वाजवतात, अरे पण रजा कापली जाते म्हणून जातो माणूस, पोटात गोळा घेऊनच जातो.

केतकी एस
मी थोडं वेगळं सांगते. निखिलचा भाग ते बघू शकतील, पण रूपालीचा जड जाईल. सोहा अली खान टीव्ही रिपोर्टर आहे, होणारा नवरा स्फोटात जातो आणि तिचंच चॅनल तिच्या रडण्याचा कार्यक्रम करतं, मला ते बघवलं नाही. ज्याने आपल्या हाताने माणसं उचललीत त्याला कसं होईल विचार कर. बाकी मला सगळ्यात लागला तो इरफानचा थॉमस. सायकलवर कॉफी विकणारा माणूस, बायको-मुलीला घेऊन मॉलमध्ये जातो आणि परफ्यूमच्या बाटलीला हात लावला म्हणून हाकलून देतात, मग तो पीसीओवरून बॉम्बचे खोटे फोन करत सुटतो. त्यातल्या एका गोंधळात एका म्हाताऱ्यांना हार्ट अटॅक येतो आणि थॉमसचा चेहरा पडतो तो बघा. इरफान आणि कामत दोघंही २०२० मध्येच गेले, अजून पटत नाही.

मीरारोडकर
परेश रावलचा तुकाराम पाटील विसरू नका. रिटायरमेंट तोंडावर आलेला हवालदार, सारखा हसवत असतो आणि शेवटी हाताखालच्या तरुण पोलिसासमोर, कदमसमोर, मोकळा होतो. माझे वडील पोलिसात होते, त्यांनी तो सीन दोनदा लावायला सांगितला आणि मग रात्री आईशी बरंच बोलत बसले. शेवटी सगळं शहर दोन मिनिटं थांबतं आणि मग रफी-गीता दत्तचं 'ऐ दिल है मुश्किल' लागतं. १८ जुलैला खरंच तसं थांबलं होतं, मी स्टेशनवर होतो, इतक्या गर्दीत फक्त पावसाचा आवाज. दाखव तू. शेजारी बस, मोबाइल लांब ठेव, आणि त्यांनी बंद कर म्हटलं तर का म्हणून विचारू नकोस.

मृण्मयी_वसई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल विचारलं, म्हणाले लाव. निखिल प्लॅटफॉर्मवर उभा राहतो तिथे म्हणाले जरा थांबव. मी थांबवला. मग टीव्हीकडेच बघत म्हणाले, माहीमला रुळांच्या बाजूच्या वस्तीतल्या बायका घरातल्या चादरी घेऊन धावत आल्या होत्या, स्ट्रेचर कुठे होते तेव्हा, चौघांनी चार टोकं धरायची आणि चालायचं. माझ्या हातात आली ती चादर कोरी होती गं, घड्या तशाच दिसत होत्या, कोणीतरी ठेवणीतली काढून दिली असणार. ती परत द्यायची राहिली.

उरलेला सिनेमा रविवारी बघू म्हणालेत. आईला पण बसव म्हणाले.