मदत हवी आहे: वसई खाडीपलीकडे बिनडांबरी सायकल रूट (रविवारी निघायचंय!)

कच्चारस्ता
नमस्कार मंडळी. ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या रस्त्यांवर चालवायची) घेतली, पण आजवर तिला नुसतं डांबरच दाखवलंय. उत्तन-गोराई-मनोरी करून झालं, आता खाडीच्या पलीकडे जायचंय. हायवे नको म्हणजे नको, वर्सोवा पुलावर कंटेनर कानाशी घासून जातात. मॅपवर नायगावच्या मिठागरांमधून बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. तिथून सायकल जाते का? कोणाकडे जीपीएक्स फाइल (मॅपवर आखलेला रूट) असेल तर द्या. आणि कृपया लोणावळा सुचवू नका. जरा लवकर सांगा.

पेडलपंडित
कुठून निघणार? किती किलोमीटर? टायर किती एमएमचा? ट्यूबलेस आहे का? येताना लोकलने येणार की सायकलनेच? नुसतं "ग्रॅव्हल सायकल" म्हटल्यावर रूट काय सांगणार, कपाळ?

कच्चारस्ता
दहिसरहून. बाकी सगळं वर लिहिलंच आहे की.

पेडलपंडित
टायर कुठे लिहिलाय?

सातारी_गडी
लोणावळा नको तर कासला या. पठाराच्या मागच्या बाजूला बामणोलीकडे असले रस्ते आहेत की मुंबई विसराल.

कच्चारस्ता
अहो, दहिसरहून रविवारी सकाळी कासला कसा येऊ?

सातारी_गडी
शनिवारी रात्री निघायचं.

हायब्रिड_झिंदाबाद
मूळ प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे ग्रॅव्हल सायकलचं काम काय? ज्याला आपण रस्ता म्हणतो तोच मुळात ग्रॅव्हल. ते वाकडं हँडल कोपरापासून खांद्यापर्यंत हादरे देतं. त्याच पैशात उत्तम हायब्रिड (सरळ हँडलची सायकल) येऊन वर पंप, हेल्मेट, कुलूप सगळं आलं असतं.

पेडलपंडित
घेऊन झालीय त्यांची. आता काय खाडीत सोडू का?

हायब्रिड_झिंदाबाद
पुढच्या वाचणाऱ्याला उपयोग होईल म्हणून लिहिलं. हलके घ्या.

नायगावची
मिठागरांच्या त्या रेघा रस्ते नाहीत, बांध आहेत. आमच्या घरामागेच आहेत म्हणून सांगते. दोन बांध ओलांडले की तिसरा सरळ खारफुटीत जाऊन संपतो, मॅपला ते कळत नाही. पाऊस संपला की आगरातली माणसं हे बांध चिखलाने लिंपून, चोपून घेतात. ओल्या बांधावरून चाक गेलं की खाच पडते, पाणी झिरपतं आणि त्यांची मेहनत वाया जाते. रखवालदार हटकतो ते उगाच नाही. शिवाय ती माती चाक आणि फोर्कच्या मधे अशी भरते की चाक फिरतच नाही, काठीने उकरत बसावं लागतं. फेब्रुवारीनंतर बांध खडखडीत वाळतात, तेव्हा विचारून जा. कोणी नाही म्हणत नाही.

कच्चारस्ता
धन्यवाद ताई, पण मला या रविवारी जायचंय. मग नायगावला उतरूच नको का? भाईंदर-नायगाव पुलावरून सायकल ढकलत नेता येते का? मधे पाणजू बेट पण बघता येईल.

नायगावची
अहो तो रेल्वेचा पूल आहे! पाणजूची माणसं स्वतः बोटीने ये-जा करतात. असलं काही करू नका.

भरतीओहोटी
भाईंदरहून रो-रो (गाड्या नेणारी फेरीबोट) आहे की वसई किल्ल्यापर्यंत. फेब्रुवारी २०२४ पासून चालू आहे. सायकल घेतात. वेळा बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी धक्क्यावर चौकशी करा.

पलीकडे किल्ल्यापाशी उतरलात की वाड्यांमधल्या गल्ल्यांनी भुईगाव गाठायचं. तिथून कळंब, राजोडी, नवापूर आणि अर्नाळा. गावातले रस्ते डांबरी किंवा काँक्रीटचे आहेत, पण ओहोटीला किनाऱ्याची ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते. तोच तुमचा ग्रॅव्हल. कुठे ओहोळ समुद्राला मिळताना दिसला की तिथे चाक रुतणार, गावात वळून पुढे परत किनाऱ्याला लागा.

सगळं वेळेवर आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. रविवारी षष्ठी आहे. सहा पाऊण साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती, पावणेअकराच्या सुमाराला ओहोटी. साडेआठच्या आत वाळूवर उतरू नका.

डेटावाला
पंचांग कशाला हो? भरतीचं कोष्टक मोबाइलवर फुकट मिळतं, मिनिटासकट.

भरतीओहोटी
मिनिटं काय लोकल पकडायला हवीत? माझ्या आजोबांनी या हिशेबावर उभा जन्म होड्या घातल्या.

डेटावाला
आजोबांबद्दल आदर आहेच. पण तिथी सकाळी संपून दुसरी लागली तर कोणती धरायची? आणि अष्टमीच्या आसपास पाणी फार मागे हटतच नाही, किनाऱ्याची पट्टी अरुंद राहते. ते तुमच्या पाऊणमधे कुठे दिसतं?

भरतीओहोटी
अष्टमीला भांगाची (कमी चढ-उताराची) भरती, पौर्णिमा-अमावास्येला उधाण, हे कोळ्याच्या पोराला पाळण्यात कळतं. खरं तर कच्चारस्ता यांनी अमावास्येच्या आसपास जावं. दुपारी बाराला भरती, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी. ऊन नाही आणि किनारा ऐसपैस.

कच्चारस्ता
रविवार बदलता येणार नाही. बायकोचा भाऊ येतोय, त्याने सुट्टी घेतलीय.

पेडलपंडित
म्हणजे दोघं! हे आता कळतंय. त्याची सायकल कोणती? आणि टायर?

कच्चारस्ता
माझा ३२. ट्यूबवाला. दुकानदाराने सायकलबरोबर दिले तेच आहेत.

पेडलपंडित
आलं का शेवटी! ३२ वर मऊ वाळूत कितीही जोर लावा, रुतणारच. हवा कमी करावी म्हटलं तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटून दोन भोकं पडणार. फ्रेममधे जागा असेल तर आधी ४० चे टायर बसवा, ट्यूबलेस करून आत सीलंट घाला. बाभळीचा काटा शिरला तरी आपोआप बुजतो. मग ३० पीएसआय हवेच्या दाबावर मजेत चालवा.

हायब्रिड_झिंदाबाद
बघा! म्हणजे सायकल घेऊन वर अजून खर्च. मी काय म्हणत होतो?

चिखल्या
पक्षी बघणाऱ्यांच्या वतीने एक विनंती. हिवाळ्यात भुईगावला कुरव, तुतारी, चिखले मोठ्या संख्येने उतरतात. हजारो किलोमीटर उडून आलेले असतात, किनाऱ्यावर थव्याने विसावा घेतात. फोटोसाठी त्या थव्यातून सायकल घालणारे महाभाग मी पाहिलेत. पाण्याच्या कडेला थवा दिसला तर लांबून वळसा घ्या, पाच मिनिटं जातील फार तर.

नायगावची
+१. आणि किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली असते, तिच्या मधून पण नको.

खाऊगल्ली
वसईला जाताय तर सुकेळी घेऊन या! राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, केळीच्याच सोपटात बांधून देतात. सायकलवर खायला त्याहून चांगलं काही नाही, ते एनर्जी जेल फेकून द्या. अर्नाळ्याला ताजे बोंबील मिळाले तर सांगा, मी कार घेऊन येईन.

डेटावाला
धागा सायकलचा आहे.

खाऊगल्ली
सायकलवाल्याला पोट नसतं का?

वैतरणेकाठी
अर्नाळ्याला थांबू नका, खरी मजा वैतरणेच्या उत्तरेला आहे. विरारच्या मारंबळपाड्याहून खारवाडेश्रीला, म्हणजे जलसारला, रो-रो जाते. एप्रिल २०२५ पासून सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा फेरा, पाण्यातून जेमतेम दीड. सायकलवाल्यांसाठी लॉटरीच. हायवे पूर्ण टळतो.

पलीकडे रहदारी तुरळक. भातकापणी झाल्यावर शेतांच्या कडेने बैलगाडीच्या वाटा मोकळ्या होतात, मुरूम टाकलेले गावरस्ते तर बारा महिने आहेत. एडवण, उसरणी करत केळव्याला निघा. सुरूच्या बनातली वाट ३२ च्या टायरलाही झेपेल, फक्त सुरूच्या गळलेल्या काड्यांवर ब्रेक जपून, घसरतं. केळवे रोड स्टेशन किनाऱ्यापासून बरंच आत आहे, तेवढं अंतर हिशेबात धरा. तिथून डहाणू लोकलने परत.

कच्चारस्ता
हे झकास आहे! पण लोकलमधे सायकल? मागे एकदा चढवली तर डब्यातल्या एका गृहस्थाने अंधेरीपर्यंत भांडण काढलं होतं.

वैतरणेकाठी
लगेजच्या डब्यात चढवा, लगेजचं तिकीट काढा. पुढचं चाक सोडवून सायकलला बांधलंत तर कोणी बोलत नाही. डहाणूच्या गाड्या कमी असतात, वेळापत्रक बघूनच केळवं सोडा. रविवारी संध्याकाळी किनाऱ्यावरची सगळी गर्दी परतते, तेव्हा तीनच्या आत निघालेलं बरं.

डेटावाला
मग क्रम लावू का? सकाळी भाईंदर रो-रो, वसई किल्ला, वाड्यांतून भुईगाव. नऊनंतर वाळू. अर्नाळ्याहून वळून मारंबळपाडा, दुसरी रो-रो, एडवण, केळवे. पावणेअकराची ओहोटी बरोबर किनाऱ्यावरच सापडते.

भरतीओहोटी
साडेचारवरूनच काढलंत ना पावणेअकरा?

डेटावाला
कोष्टकात दहा एकोणपन्नास आहे.

पेडलपंडित
घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बादलीने. जेटच्या फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि खारं पाणी आत शिरतं. चेन पुसून लगेच तेल. "उद्या करू" म्हणालात तर सकाळी नारिंगी चेन बघाल.

कच्चारस्ता
सगळ्यांचे आभार. डेटावाला यांच्या क्रमाने जातो. नुसता किनारा बघू, वाळू मऊ लागली तर गावातून. एकच राहिलं, मेव्हण्याची सायकल फोल्डिंग आहे, वीस इंची चाकं. चालेल ना?

पेडलपंडित
हे पहिल्या पोस्टमधे लिहायला काय झालं होतं?

वैतरणेकाठी
लोकलमधे त्याचीच सायकल आधी चढेल. वाळूवर मात्र त्याला उतरवू नका, अर्नाळ्याला भेटू म्हणावं.

नवीन_सदस्य_४७
माझ्या मुलीला सातवीत सायकल घ्यायची आहे, उंची चार फूट दहा इंच. गिअरची घेऊ का बिनगिअरची?

हायब्रिड_झिंदाबाद
हायब्रिड घ्या. बजेट किती आहे?