केकोवाचं बुडालेलं शहर: बोट कुठून घ्यावी, पाण्यात नक्की काय दिसतं?

निळीखाडी (प्रश्न)
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कस्तानात काशला मुक्काम आहे. केकोवा बेटालगतचं बुडालेलं लिशियन (इथल्या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशिया प्रदेशातल्या लोकांचं) शहर बघायचंय. सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा आहेत आणि आईला बोट लागते. काशहून दिवसभराची बोट घ्यावी की उचाझ गावातून छोटी? काचेच्या तळाच्या बोटीतून जास्त दिसतं का? स्नॉर्केल (तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी) आणावं का?

दगडीपायरी
आईंना बोट लागते म्हणताय तर उचाझच. काशहून केकोवापर्यंत बराचसा पट्टा उघड्या समुद्राचा, जायलाच दोनेक तास. सकाळी पाणी शांत असतं, पण दुपारी पश्चिमेकडून वारा धरला की परतीची बोट नेमकी त्याच्या तोंडावर चालते आणि बोटीचं पुढचं टोक आपटत राहतं. उचाझला रस्त्याने तीसेक किलोमीटर जायचं. तिथून पुढचं पाणी बेट आणि मुख्य किनारा यांच्या मधलं, अडोशाचं. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

स्नॉर्केल बुडालेल्या शहरासाठी आणू नका. त्या पट्ट्यात पोहायला, डुबी मारायला आणि बोट नांगरायला बंदी आहे. केकोवा १९९० पासून संरक्षित क्षेत्र आहे. बोटी पोहायला दुसऱ्या खाडीत थांबतात, तिथे वापरा. मडक्याचा तुकडाही उचलू नका, तुर्कस्तानात तो गंभीर गुन्हा आहे.

खडकमाती
काचेच्या तळाबद्दल. काच फक्त बोटीच्या थेट खालचं दाखवते, आणि केकोवाची खरी मजा खाली नाही, कडेला आहे. समुद्रतळावर उभं शहर असेल अशी कल्पना करून येणारे हमखास हिरमुसतात. इ. स. दुसऱ्या शतकातल्या भूकंपात बेटाचा उत्तर किनारा खचला आणि वस्तीचा खालचा भाग पाण्यात गेला. वरचा अजून कोरडा आहे.

लिशियन लोक घराची मागची भिंत आणि जोती थेट खडकात कोरत, वर बांधकाम करत. बांधकाम पडलं, खडक राहिला. म्हणून उतारावर चौकोनी खाचा दिसतात. तुळयांची टोकं त्यांत बसत. एखादा जिना शोधून त्यावर नजर ठेवा: वरच्या पायऱ्या पांढरट, कोरड्या, पाण्याच्या रेषेवरची शेवाळलेली, त्याखालच्या हिरवट होत होत निळ्यात विरतात. ही एक गोष्ट नीट पाहिली तरी शहर कळतं. त्यामुळे काचेपेक्षा कठड्याजवळची जागा धरा.

भरतीओहोटी
कठडा कुठल्या बाजूचा, तेही महत्त्वाचं. बोट पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असेल तर बेट उजवीकडे, उलट जात असेल तर डावीकडे. बसण्याआधी नावाड्याला विचारा. आणि अवशेषांजवळून सावकाश न्यायचं आधीच ठरवून घ्या. नांगर टाकता येत नाही, त्यामुळे घाई केली तर सगळं भरकन मागे पडतं.

अवशेष उत्तराभिमुख आहेत, म्हणजे बोटीतून बघताना तुमचं तोंड दक्षिणेला. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, उजेड सरळ खाली उतरतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो जेमतेम पन्नास अंशांपर्यंत चढतो, उजेड समोरून येतो आणि पाणी चमकतं. पोलराइज्ड गॉगल घ्याच. मोबाइलने फोटो काढताना गॉगलचीच काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात चकाकी कमी होते आणि तळ दिसू लागतो. वारा सुटल्यावर मात्र पाण्यावर लहरी येतात, मग गॉगलही फार मदत करत नाही. म्हणून सकाळीच निघा.

निळीखाडी
म्हणजे उचाझ, सकाळ आणि कठडा. बेटासमोरच्या कालेकॉय गावातला सिमेनाचा किल्ला आईबाबांना झेपेल का?

दगडीपायरी
कालेकॉय गावात गाडीरस्ता नाही, बोटीने किंवा पायवाटेनेच जाता येतं. धक्क्यापासून किल्ल्यापर्यंत घरांमधून चढत जाणारी पायऱ्यांची वाट आहे, १५-२० मिनिटांची, पण चढ उभा आणि दगड गुळगुळीत. गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच बसू द्या. बंदराजवळ पाण्यात उभी असलेली लिशियन दगडी शवपेटी बोटीतूनच छान दिसते. तुम्ही मात्र वर जा: किल्ल्याच्या आत खडकात कोरलेलं सात रांगांचं चिमुकलं नाट्यगृह आहे, आणि तटावरून समोरचं अख्खं बेट दिसतं. पकड असलेले बूट घाला, चपलांवर चढू नका.