चर्चा: व्हिडिओ पाहून ताई ची शिकता येतं का? माझं मत, नाही

अनवट: एका मित्राने विचारलं, यूट्यूबवर ताई ची (संथ हालचालींची चिनी विद्या) शिकतोय, पुढे काय करू? ‘गुरू शोध’ म्हटलं तर तो नाराज झाला, म्हणून इथे मांडतो. हात कुठे न्यायचा, पाय किती वळवायचा, एवढं व्हिडिओत दिसतं. पण ही मुळात लढण्याची विद्या आहे आणि तिचा गाभा ‘तुई शौ’त आहे. दोघांनी मनगटाला मनगट टेकवून गोल फिरवत राहायचं आणि समोरच्याचा तोल कुठे ढळतोय ते स्पर्शातून ओळखायचं. जाणत्या माणसाला ढकलून बघा. जोर लावावा तर समोर काही लागतच नाही, तो जोर आपल्याच खांद्यात अडकतो, टाच उचलली जाते आणि त्याने नुसता तळवा पुढे केला तरी आपण दोन पावलं मागे. पडद्यावर हेच नाटक वाटतं. ताई चीच्या यांग शैलीचे जनक यांग लुचान (1799–1872) उगाच नाही चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावात गुरू चेन चांगशिंगकडे वर्षानुवर्षं राहिले.

रानवाट: साफ असहमत. सुन लुतांग स्वतः मोठे गुरू, त्यांनी 1915 मध्येच शिंगयी या दुसऱ्या चिनी युद्धकलेवर पुस्तक छापलं, म्हणजे गुरूंनाही कागदावरून शिकवणं गैर वाटलं नाही. आज जगभर लोक करतात तो ताई चीचा 24 हालचालींचा संच चीनच्या क्रीडा आयोगाने 1956 मध्ये सर्वसामान्यांसाठीच बसवला. माझी आई तालुक्याच्या गावी राहते, तिथे कोण शिकवणार? तिला कुणाला पाडायचं नाहीये, चालताना तोल सांभाळायचाय.

अनवट: तब्येतीसाठीच करत असतील तर गुडघ्यांची काळजी जास्त घ्यावी लागते. ‘ढगांचे हात’ ही हालचाल करताना नवखा माणूस कंबर वळवायच्या ऐवजी गुडघाच आत पिळतो. व्हिडिओ ते सांगेल, पण तुमचा गुडघा त्याला दिसत नाही. शिक्षक खुब्यावर हात ठेवून वळवतो तेव्हा कुठे फरक कळतो.

कातळ: दोघेही मुद्द्याला बगल देताय. 2017 मध्ये चेंगडूत शू शियाओडोंग या एमएमए (मिश्र युद्धकला) लढवय्याने वेई लेई या ताई ची गुरूला काही सेकंदांत लोळवलं. गुरूने बोट लावलं की शिष्य उडतात, असे वर्ग मी पाहिलेत. तिथे समोरासमोर शिकून भ्रमच पक्का होतो. प्रतिकार करणारा जोडीदार हवा, परंपरा दुय्यम.

सागरतीर (हाँगकाँग): कातळ, परंपरेतही तेच होतं. विंग चुन या चिनी युद्धकलेचे गुरू इप मान 1950च्या सुमारास इथे शिकवू लागले. त्यांच्याकडे नवख्यांना बरंचसं जुने विद्यार्थीच घडवायचे. त्यांचे शिष्य वाँग शुन लेउंग तर आव्हानाच्या लढतींसाठीच प्रसिद्ध. मी इथे विंग चुन शिकते. ‘ची साऊ’ या जोडीने करायच्या सरावात दोघांचे हात एकमेकांवर फिरत असतात, कोपर जरा बाहेर गेलं की त्याच फटीतून ठोसा छातीवर. ही चूक पंधरा जणांनी पंधरा तऱ्हांनी पकडली, तेव्हा कोपर जागेवर आलं. एकाच गुरूचा हात ओळखीचा होणं पुरेसं नाही.

रानवाट: हे पटतं. पण मग वर्ग निवडायचा कसा? दुसऱ्या मजल्यावर ‘शाओलिन’ पाटी लावलेलं काहीही असतं.

अनवट: पहिल्याच दिवशी विचारा, ‘सर, मी मनापासून ढकललं तर चालेल?’ नाही म्हणाले तर पैसे भरू नका. शिष्य एकमेकांना खरोखर ढकलतात का, तेही तासभर बसून बघा. आईंचं व्हिडिओवरून चालू राहू दे. मात्र महिन्या-दोन महिन्यांतून एकदा त्यांना जवळच्या शहरात शिक्षकाकडे नेऊन फक्त गुडघे आणि खुबे तपासून घ्या.